माळ्यावरची कोय

अप्पांनी तोंड उघडलं आणि केतकीने चमचा आत सारला. एवढंच झालं. क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या त्या दुकानात शनिवारची दुपार होती, दारापाशी पोरांची रांग होती, काचेवर बाहेरच्या गारठ्याने वाफ धरली होती, आणि माझे वडील, वय वर्षं एकोणऐंशी, अडतीस वर्षांनी आंबा खात होते. त्यांनी तो जिभेवर घोळवला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. केतकी हसली. "सी, ममा? ही लव्ज इट," ती म्हणाली. माझ्या हातात लीचीच्या चहाचा कागदी पेला होता. तो मी मुद्दाम अप्पांसाठी मागवला होता, कारण आंबा नसलेली ती एकच गोष्ट त्या दुकानात मिळत होती. बाकी सगळा आंबाच होता. आंब्याचं पुडिंग, किसलेल्या बर्फावर आंबा, चिकट भाताबरोबर आंबा, साबुदाण्यात आंबा. साबुदाण्यात आंबा घालणाऱ्या लोकांना उपवास तरी कोणता म्हणून पाळता येत असेल, असं आई म्हणाली असती. भिंती पिवळ्या होत्या, खुर्च्या पिवळ्या होत्या, आणि गल्ल्यावरच्या बाईंच्या कानातसुद्धा छोटे प्लॅस्टिकचे आंबे लोंबत होते. मी केतकीला या दुकानाबद्दल दोन महिने टोलवत होते. आज नाही, पुढच्या शनिवारी. होमवर्क झालं का? पार्किंग मिळत नाही तिथे. शेवटी तिची सुट्टी संपायला आली, तिच्या कोटावर कालच्या अँझॅक डेचं, सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल अजून तसंच होतं, आणि ती म्हणाली, "तू प्रॉमिस केलं होतंस," तेही मराठीत. ती मराठीत बोलली की माझं काही चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायची लाज वाटते. मला राग आला. अडतीस वर्षं या माणसाने आंब्याला हात लावला नाही. माझ्या लग्नात व्याह्यांनी आग्रह केला, सगळी पंगत खोळंबली, पण यांनी आमरसाच्या वाटीवर तळहात ठेवला तो उचलला नाही. आणि आता परदेशात, डब्यातल्या गराच्या एका चमच्यासाठी, नातीने नुसतं "आ करा" म्हटल्याबरोबर? रागाच्या पाठोपाठ भीती आली, आणि ती मात्र खरी होती. अप्पा आंबा सोडल्याचं विसरले असतील, तर तो कुणासाठी सोडला तेही विसरले असतील. म्हणजे माझा दादा आता पुरता गेला. आई दोन वर्षांपूर्वी गेली, ती आपल्या वाटणीचा दादा बरोबर घेऊन गेली. अप्पा तर आत्ता, माझ्यासमोर, चमच्याचमच्याने त्याला विसरत होते. उरले मी. चोराच्याच हातात किल्ल्या आल्या.

आम्ही तेव्हा कऱ्हाडला होतो, पाटबंधारे खात्याच्या क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यावर लाकडी माळा. चैत्र संपत आला की देवगडहून आईच्या मावसभावाची पेटी यायची. अप्पा माळ्यावर पेंढा पसरायचे आणि आढी घालायचे, एक आंबा दुसऱ्याला टेकणार नाही अशी. रोज कचेरीतून आले की शिडी लावून वर चढायचे, आंबे उलटेपालटे करायचे, डागी बाजूला काढायचे आणि खाली येऊन आकडा सांगायचे. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस, एक नासला. आम्ही दोघं भावंडं खाली माना वर करून उभे असायचो. पण एकही आंबा खाली येत नसे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला मातीच्या घड्यात पाणी भरून, त्यावर आंबा ठेवून तो पितरांना दाखवायचा, आणि मगच घरातल्यांनी खायचा. बाकी कसल्या सोवळ्याओवळ्याचं अप्पांना फारसं नव्हतं. ते कुणाच्याही घरी जेवत, शनिवारी दाढी करत. पण हा एक नेम त्यांच्या वडिलांनी पाळला होता म्हणून ते पाळायचे, आणि सरकारी कामात नियम पाळतात तसा पाळायचे, एका दिवसाचीही सूट न देता.

त्या वर्षी दादाला ताप आला. रवींद्र त्याचं नाव, बारा वर्षांचा होता, मी नऊची. दोन दिवस साधा ताप म्हणून घरीच होता. खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली होती, आईचं लक्ष राहावं म्हणून, आणि बरोबर वर माळा होता. आंबे पिकायला लागले होते. "अप्पा, एक द्या ना," तो म्हणाला होता. "पिकलेत. वास येतोय." अप्पा बूट घालत होते. "पाच दिवस कळ काढ," ते म्हणाले. "आधी पितरांना, मग आपल्याला. तू काय, थांबू शकतोस." हे वाक्य माझ्या कानात आहे. अप्पांच्याही असणार, असं मी आजपर्यंत धरून चालले होते. दुपारी आई डॉक्टरांकडून औषध आणायला गेली आणि मला दादापाशी बसवून गेली. तो झोपला होता. मी पिठाच्या डब्यावर चढून शिडी धरली आणि वर गेले. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. मी सगळ्यात पिवळा आंबा उचलला, दातांनी साल सोलली आणि वाकून, पेंढ्यावर थेंब पडू न देता खाल्ला. कोय पांढरी होईपर्यंत चोखली. साल मागच्या झरोक्यातून शेजाऱ्यांच्या गाईकडे टाकली. कोय रिकाम्या पेटीच्या मागे, भिंतीच्या फटीत सारली. मग खाली उतरून नळावर हात धुतले आणि दादाच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलायला गेले. त्याने डोळे उघडले. माझा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "तुझ्या हाताला वास येतोय." "नाही," मी म्हणाले. त्याने हात लगेच सोडला नाही. बराच वेळ नाकाशी धरून ठेवला. मग भिंतीकडे वळला. त्याने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं, मेंदूत ताप गेला म्हणाले, आणि तृतीयेला दोन दिवस उरले असताना तो गेला.

लहानपणी मला वाटायचं, पितरांच्या आधी मी खाल्ला म्हणून ते चिडले आणि दादाला घेऊन गेले. मोठेपणी पितरांवरचा विश्वास उडाला. मी मायक्रोबायॉलॉजी शिकले, इथे क्राइस्टचर्चमध्ये पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासते, मेंदूज्वर कशाने होतो हे कुणालाही नीट समजावून सांगू शकते. त्याने काही फरक पडला नाही. पितर निघून गेले आणि मागे एक साधी गोष्ट उरली, तिच्यावर कुठलंच शास्त्र चालत नाही. मला दोन आंबे आणता आले असते.

तृतीया सुतकात आली. त्या वर्षी पितरांना पाणीसुद्धा मिळालं नाही. आणि वर आढी तशीच. दहा-बारा दिवस त्या घरात आंब्यांचा घमघमाट होता. भेटायला येणारी माणसं दारात पाऊल टाकायची, नकळत श्वास घ्यायची आणि मग शरमून खाली बघायची. तेराव्याला जेवणं झाल्यावर अप्पा माळ्यावर चढले. नासलेले आंबे पोत्यात भरून खाली टाकले. बराच वेळ वरच होते. उतरले तेव्हा त्यांची डावी मूठ मिटलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी आंबा सोडला." काशीला जाऊन आलेली माणसं एखादी भाजी सोडतात, तीही बहुधा मुळात न आवडणारी. अप्पांना आंब्याइतकं दुसरं काही आवडत नव्हतं. त्या मिटलेल्या मुठीत काय आहे हे मला माहीत होतं. माझ्याकडे पाहिल्यामुळे मला हेही कळलं की, त्यांना माहीत आहे. ते कधीच काही बोलले नाहीत. मारलं असतं, विचारलं असतं, तर मी मोकळी झाले असते. दर वर्षी मे महिन्यात ते मुकाट्याने, माझ्या वतीने, शिक्षा भोगत राहिले. मी बाहेर आंबा खायचे. मैत्रिणींकडे, हॉस्टेलवर, लग्नानंतर सासरी. खाल्ल्यावर साबणाने तीनतीनदा हात धुवायचे आणि बोटं हुंगून बघायचे. अजून बघते. न्यूझीलंडला का आलात, असं लोक विचारतात तेव्हा मी नोकरीचं सांगते. एक कारण असंही आहे की इथे मे महिन्यात पानं गळतात.

"ममा, व्हॉट्स राँग?" केतकीने विचारलं. "इज ही डायबेटिक ऑर समथिंग?"

"नाही गं. त्यांनी आंबा सोडलाय."

"सोडलाय मीन्स? लाइक, व्हीगन?"

"तसं नाही. कुणासाठी तरी सोडतात. आपलं माणूस गेलं की."

तिने आजोबांकडे पाहिलं. ते बाऊलच्या कडेला लागलेलं पुडिंग चमच्याने खरवडत होते, अगदी लक्ष लावून. "वेल, ही लुक्स हॅपी," ती म्हणाली, आणि मला ते नाकारता येईना. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांना आणलं तेव्हापासून मी त्यांना इतकं रमलेलं पाहिलं नव्हतं. हॉर्नबीच्या आमच्या घरात ते दिवसभर खिडकीशी बसून असतात. आंघोळ झाली की नाही हे आठवत नाही. समोरच्या गोऱ्या म्हाताऱ्याला रोज "किया ओरा" असा माओरी नमस्कार करतात, कारण केतकीने शिकवलंय, आणि रोज मला विचारतात, हा कोण? डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं होतं की आधी जवळचं पुसलं जाईल, जुनं शेवटपर्यंत टिकेल, पण काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर लांबणीवर टाकू नका. डॉक्टरांच्या मनात कागदपत्रं असणार. माझ्या मनात ती कोय होती. मी ठरवलं की त्यांना सांगायचं. त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, तरीसुद्धा माझ्या तोंडाने सांगायचं, म्हणजे जाताना तरी त्यांच्या मनात मुलीबद्दल ते ओझं राहायला नको. माझ्या मनातही राहायला नको, हे त्यापुढचं खरं. वाक्यं तयार होती. गाडी चालवताना, प्रयोगशाळेत बाटल्यांवर लेबलं लावताना, मी ती पाठ केली होती. आणि दर सकाळी त्यांना चहा देताना उद्या सांगू असं म्हणत होते. आता त्या पिवळ्या खुर्चीवर बसून मला वाटलं, झालं, उशीर झाला. ज्याच्यापाशी कबुली द्यायची तो माणूस निघून गेलाय आणि त्याच्या जागी एक गोडघाशा म्हातारा बसलाय.

अप्पांनी बाऊल पुढे सरकवला. "अजून आहे का?" त्यांनी केतकीला विचारलं. ती खूश होऊन उठली. "धिस टाइम द फ्रेश वन, विथ रिअल मँगो," म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे सात-आठ जण होते. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो. अप्पांच्या हनुवटीवर पिवळा थेंब होता, तो मी कागदी रुमालाने टिपला. आत्ता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं, आणि पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "कऱ्हाडचं. माळ्यावरच्या आंब्यांचं."

त्यांच्या हातातला रिकामा चमचा थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. सावध झाले.

"अगं, तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

मला ते विभा म्हणतात. विभावरी म्हणूनसुद्धा नाही, कधीच. "अगं" फक्त आईसाठी होतं. अख्ख्या आयुष्यात त्यांनी आईला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एवढंच म्हणायचे, अगं, आणि ती हात पुसत यायची. मी मागे वळून बघण्याइतपत दचकले. मागे कुणी नव्हतं. ते माझ्याशीच बोलत होते.

"मी कुणाला बोललो नव्हतो," ते म्हणाले. "तुलासुद्धा नाही. एक आंबा कमी होता. मी रोज मोजायचो ना, त्या दिवशी एक कमी. म्हटलं उंदराने नेला असेल. मग कोय सापडली. पेटीच्या मागे, फटीत. चाटूनपुसून स्वच्छ केलेली." ते हळूच हसले. "एवढा ताप अंगात, उभं राहता येत नव्हतं, आणि शिडी चढला गं तो. रवी. मी नको म्हटलं तर चोरून खाल्ला लेकाने."

रांगेत कुणीतरी मोठ्याने हसलं. बर्फ किसायचं यंत्र सुरू झालं आणि बंद झालं. त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी शिडीवरून उतरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते नुसतंच पाहिलं होतं, जे पोर उरलं होतं त्याच्याकडे पाहावं तसं. अडतीस वर्षं मी ज्या नजरेला घाबरून होते, तिच्यात मी नव्हतेच.

"बरं झालं," अप्पा म्हणाले. "खाऊन गेला. मला सारखं वाटायचं ना, पोराने एक आंबा मागितला आणि आपण पितरांची पोथी वाचली. रात्र रात्र वाटायचं. मग ती कोय आठवायची. म्हटलं, नाही, खाल्लाय त्याने. पोटभर, चोखून खाल्लाय."

"मग सोडलात कशाला?" मी विचारलं.

"आपल्याच घरात चोरून खावा लागला त्याला. मी हाताने दिला असता तर पितर काय उपाशी राहिले असते?" त्यांनी चमचा बाजूला ठेवला. "कोय मागे नळापाशी पुरली मी. मग बदली झाली. रुजली का कोण जाणे."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. हात चिकट होता आणि गरम होता.

"विभाला मात्र सांगू नकोस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिला वाईट वाटेल. म्हणेल, दादाने एकट्याने खाल्ला, मला ठेवला नाही."

सगळी वाक्यं तेव्हा परत आली. जिभेवर येऊन उभी राहिली, एकही न गाळता. ती खरी होती आणि ती बोलायची माझी आयुष्यभराची इच्छा होती. बोलले असते तर मी त्या दुकानातून हलकी होऊन बाहेर पडले असते. या माणसापाशी मात्र त्या एका आंब्याशिवाय काही नव्हतं. बायको गेली, गाव सुटलं, सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही, पण तो आंबा होता, आणि तो मुलाने खाल्लेला होता. मी बोलले असते तर दादाच्या तोंडातून तो मी दुसऱ्यांदा काढून घेतला असता. मला रडू येत होतं आणि ते मी रोखलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. कुणापाशी तरी हे सांगता येईल, ही आशा मी त्या टेबलाशी संपवली. त्याने फार दुखलं. दादाच्या हातात माझा हात होता तेव्हा खरं बोलायचं होतं आणि मी नाही म्हणाले. आज पुन्हा नाहीच म्हणायचं होतं.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

अप्पांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं होतं.

केतकी मोठा बाऊल घेऊन आली. बर्फाचा ढीग आणि त्यावर आंब्याच्या फोडी, थायलंडच्या की कुठल्या, फिकट आणि गुळगुळीत. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती थबकली. "ममा? यू ओके?" मी मान डोलावली. ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून अगदी चिकटून बसली. अप्पा फोडींकडे बघत होते. चमचा त्यांनी उचलला नाही.

"तृतीया झाली ना?" त्यांनी विचारलं.

तृतीयेला अजून चार दिवस होते. "झाली," मी म्हणाले. "पितरांचं सगळं झालं."

"मग तूही खा. माझ्यापायी तूही खाल्ला नाहीस इतकी वर्षं." आईने त्यानंतर खरंच कधी खाल्ला नव्हता. त्यांनी बोटांनी एक फोड उचलली, बर्फ झटकला आणि माझ्या तळहातावर ठेवली, प्रसाद ठेवतात तशी. रस मनगटापर्यंत ओघळला. मी ती फोड त्यांच्यासमोर बसून खाल्ली. आंबा बेताचाच होता, थोडा आंबट, बर्फाने बधिर झालेला. "गोड आहे?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हणाले. केतकीने रुमाल पुढे केला तो मी घेतला नाही. हात तसाच मांडीवर ठेवून बसले. बेसिन समोरच होतं, पण मी हात धुवायला उठले नाही.